शास्त्रज्ञ, इंजिनिअर आणि शाळा यांची गाठ कशी घालावी : ठाणे-नवी मुंबईत नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

ठाण्यात आणि नवी मुंबईत इंजिनिअरांना तोटा नाही. वागळे इस्टेट, रबाळे-महापे-तुर्भ्याची एमआयडीसी, ऐरोलीच्या आयटी कंपन्या, खाडीपलीकडे ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि तिथून निवृत्त होऊन वाशी-नेरूळला राहायला आलेली मंडळी. याच पट्ट्यात महापालिकेच्या आणि अनुदानित शाळा आहेत. तिथल्या विज्ञानाच्या बाई पन्नास-साठ मुलांचा वर्ग, प्रयोगवह्या, मतदार यादीचं काम आणि ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं एकहाती रेटत असतात. ‘शाळेत जाऊन मुलांसाठी काहीतरी करायचंय’ म्हणणारे अलीकडे, ‘कोणी आलं तर बरंच होईल’ म्हणणारे पलीकडे. गाडं अडतं ते मधे. दोघांची भेट घडवणारा, तारखा ठरवणारा, सामान पोचलं की नाही ते पाहणारा कोणीतरी लागतो. हा लेख त्या मधल्या माणसासाठी आहे. तुम्ही स्वतः इंजिनिअर असाल, सोसायटीतल्या चार जणांना गोळा करू शकत असाल, किंवा कंपनीत सीएसआरचं, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाचं, काम नव्यानं अंगावर आलं असेल.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगून टाकतो. पाहुणा वर्षातून पाच-सहा वेळा येणार, बाई रोज असणार. त्यामुळे पाहुण्यानं वर्ग गाजवण्यापेक्षा बाईंचा तास सुधारणं महत्त्वाचं. ज्या भेटीनंतर बाईंच्या हाताला नवीन काही लागत नाही, ती भेट कितीही रंगली तरी वाया गेली असं मी धरतो.

हा विचार जुनाच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी स्वेच्छेनं काम केलं, आणि त्याच धडपडीतून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. ते आज मानखुर्दला आहे, वाशीहून खाडीपूल ओलांडला की लगेच. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान अध्यापन कार्यक्रम १६ शाळांत सुरू झाला. दिल्ली-मुंबईचे संशोधक तिथे जात. पण तिथल्या कामाचा कणा होता तो शिक्षकांची प्रशिक्षणं, त्यांच्या मासिक बैठका आणि प्रयोगांच्या पेट्या. २००२ मध्ये सरकारनं तो बंद केला तोवर तो सुमारे एक हजार शाळांत पोचला होता. नुसत्या व्याख्यानांवर एवढा पल्ला गाठला नसता.

पहिलं काम : शाळा शोधा, माणसं नंतर

बहुतेक जण उलटं करतात. आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढतात, आठवडाभरात चाळीस नावं जमतात, आणि मग शाळेची परवानगी येईपर्यंत ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग उरतं. उत्साह टिकवून ठेवायची वस्तू नाही. आधी शाळा हातात घ्या, मग माणसं बोलवा.

सुरुवातीला दोनच शाळा. त्याही जवळच्या. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला कामाच्या दिवशी सकाळी नेरूळची शाळा देऊ नका, तो दुसऱ्या महिन्यात गळेल. ट्रान्सहार्बर लाइनवरची स्टेशनं डोळ्यांसमोर ठेवा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. ऑफिसातून निघून तास घेऊन परत जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोचता आलं पाहिजे. शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळा मनात असतील तर चांगलंच आहे, पण त्या दुसऱ्या वर्षी. तिथे दर महिन्याला जाणं जमत नाही आणि वर्षातून एकदा गेल्यानं फारसं काही साधत नाही.

शाळा निवडताना इमारत पाहू नका, विज्ञानाचे शिक्षक पाहा. असे शिक्षक सापडायची हमखास जागा म्हणजे तालुका पातळीवरचं विज्ञान प्रदर्शन. मुलं मॉडेलपुढे उभी असतात. तुम्ही मॉडेलमागे उभ्या असलेल्या बाईंशी बोला. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला सहावी-नववीची मुलं बसवणाऱ्या शाळा, केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेसाठी मुलांच्या कल्पना पाठवणाऱ्या शाळा, या सगळ्या ठिकाणी एक तरी धडपडणारा शिक्षक असतोच. इन्स्पायर-मानकमध्ये निवड झालेल्या मुलाला मॉडेल बनवायला १० हजार रुपये मिळतात. त्या मॉडेलसाठी मार्गदर्शक हवाच असतो, आणि ओळख व्हायला ते निमित्त उत्तम आहे.

अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतून मिळालेली प्रयोगशाळा, असलेली शाळा दिसली तर थोडं सावध राहा. या योजनेत शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, थ्रीडी प्रिंटर येतो, रोबोटिक्सचे किट येतात. पण किल्ली कोणाकडे आहे आणि लॅब आठवड्यातून किती तास उघडते, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. उघडत असेल तर तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तिथे सोन्यासारखं काम आहे.

परवानगी : कोणाच्या सहीनं काम होतं

अनुदानित खासगी शाळेत मुख्याध्यापक आणि संस्थेचे सचिव या दोघांचा होकार पुरतो. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापक कितीही अनुकूल असले तरी ‘वरून पत्र आणा’ म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पत्र त्या महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून लागतं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि मधले केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. केंद्रप्रमुखांना वगळून थेट वर गेलात तर पत्र मिळेल, पण पुढे वर्षभर प्रत्येक तारीख अडखळेल.

अर्ज एका पानाचा असावा. मजकूर साधारण असा :

‘आमच्या गटातील तीन अभियंते व एक निवृत्त शास्त्रज्ञ इयत्ता आठवी व नववीच्या विज्ञान शिक्षकांना प्रयोगांसाठी साहाय्य करू इच्छितात. जुलै ते जानेवारी या काळात महिन्यातून एकदा, शाळेने ठरवलेल्या तासिकेला, विषयशिक्षकांच्या उपस्थितीत हे काम होईल. साहित्याचा खर्च गट करेल. शाळेकडून शुल्क, जाहिरात वा विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती अपेक्षित नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पहिली शंका तीच असते की हे क्लासवाले तर नाहीत? दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती जपून ठेवा. पाठपुराव्याला गेल्यावर ‘तुमचं पत्र दिसत नाही’ हे ऐकायला मिळालं तर ती प्रत कामी येते.

सोबत केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही नोंदणी करा. सप्टेंबर २०२१ पासून ते नव्या रूपात सुरू आहे. सरकारी आणि अनुदानित शाळा तिथे आपली गरज टाकतात आणि स्वयंसेवक आपली सेवा देऊ करतात. नुसत्या पोर्टलवर बसून शाळा मिळेल अशी आशा धरू नका. पण प्रत्यक्ष भेटीत ‘आमची नोंदणी आहे’ म्हणता आलं की बोलणं सोपं होतं.

आता जरा नाजूक विषय. बदलापूरच्या २०२४ च्या घटनेनंतर ठाणे जिल्ह्यातल्या शाळा बाहेरच्या माणसांबाबत काटेकोर झाल्या आहेत. व्हायलाच हव्या होत्या. प्रत्येक स्वयंसेवकाचं ओळखपत्र आणि पोलिसांकडून मिळणारा चारित्र्य पडताळणीचा दाखला, शाळेनं मागण्याआधीच फाइलला लावा. ‘मी एवढा मोठा मॅनेजर, माझी पडताळणी?’ असं कोणी म्हणालं तर त्याला नम्रपणे वगळा. वर्गात नेहमी शिक्षक हजर असले पाहिजेत, एकट्या मुलाला वेगळं बसवून शिकवायचं नाही, मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, सोशल मीडियावर मैत्री नाही. हे नियम लेखी असू द्या आणि प्रत्येकाची सही घ्या.

बाईंसोबत अर्धा तास

सगळ्या कामात हा अर्धा तास सर्वांत मोलाचा, आणि नेमका हाच लोक टाळतात. मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर, स्टाफरूममध्ये, चहा पीत. सोबत लॅपटॉप नको. संबंधित इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक हवं. ई-बालभारतीवर मोफत मिळतं. तुम्ही नेणार असलेल्या इंजिनिअरनं ते आधी वाचलेलं असावं. ‘नववीला काय असतं हो सायन्सला?’ हा प्रश्न बाईंना विचारला गेला की पुढचं बोलणं औपचारिक होतं.

विचारायचं एवढंच : कुठला धडा घेताना अडतं?

उत्तरं फार नेमकी येतात. ‘भिंगं. किरणाकृती पाठ करतात पोरं, पण भिंग हातात दिलं की डोळ्याला लावून बसतात.’ भिंगं आहेत किती? ‘तीन. त्यातल्या एकाचा टवका उडालाय.’ झालं, पहिल्या भेटीचा विषय ठरला. याउलट आपणच ‘आम्ही ड्रोन दाखवतो’ म्हणत गेलो तर बाई हसून ‘हो, दाखवा ना’ म्हणतात आणि त्या तासाला वह्या तपासायला घेतात. त्यात त्यांचा काही दोष नाही.

पुस्तकातले शब्दही याच बैठकीत उतरवून घ्या. बहुतेक इंजिनिअर मराठी माध्यमातून आले असले तरी कॉलेजनंतर त्यांचं विज्ञान इंग्रजीत गेलेलं असतं. विभवांतर, रोध, त्वरण, संवेग, आम्लारी, अपवर्तनांक हे शब्द तोंडात बसलेले असावेत. मुलांना परीक्षेत तेच लिहायचे आहेत.

वेळापत्रक शाळेचं

जूनमध्येच शाळा सुरू होते, पण तो महिना प्रवेश, पुस्तकं, गणवेश यात जातो. जुलै चांगला. ऑगस्टमध्ये घटक चाचणी, पंधरा ऑगस्टची तयारी, दहीहंडी, मग गणपती. ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आणि दिवाळी. दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत खरा मोकळा काळ, त्यातही डिसेंबरचे काही दिवस स्नेहसंमेलन आणि क्रीडामहोत्सव खातात. फेब्रुवारीत दहावीकडे कोणी फिरकू नये. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन येतो, त्या दिवशी प्रत्येक शाळेला पाहुणा हवा असतो. वर्षभर काम करणाऱ्यांनी तो दिवस मिरवायला ठेवावा, कामाची सुरुवात करायला नाही.

ऋतूचंही भान लागतं. सातवीचा स्थितिक विद्युतचा धडा जुलैत घेऊ नका. फुगा कितीही घासा, ठाण्याच्या दमट हवेत प्रभार टिकत नाही आणि कागदाचे कपटे जागचे हलत नाहीत. तोच प्रयोग जानेवारीच्या सकाळी बघा. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असण्याचा दिवस, आपल्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतो. एक सुट्टीत, दुसरा ढगात. तो सोडून द्या.

त्याऐवजी हिवाळ्यात पटांगणात एक सरळ काठी रोवा. ठाण्याचं रेखावृत्त ७३ अंशांच्या आसपास, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. साडेनऊ अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली खरी मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३८ मिनिटांनी होते. सरासरी म्हणतो, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला सर्वांत आखूड सावली १२:२२ च्या सुमारास पडते आणि फेब्रुवारीच्या मध्यास १२:५२ ला. घड्याळ तेच, सूर्य अर्धा तास सरकलेला. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेत सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची येतात ती वेळ साधारण हीच. दोन्ही वर्गांना एकाच काठीवर काम करता येतं, आणि खर्च शून्य.

माणसं जुळवणं

आता ग्रुप काढा. प्रत्येकाला तीनच प्रश्न : कामाच्या दिवशी सकाळी महिन्यातून एकदा मोकळे आहात का, आठवीच्या मुलांशी मराठीत बोलू शकता का, आणि हातानं काम करायला आवडतं का. पदवी आणि हुद्दा चौथ्या क्रमांकावर.

अनुभव आणि धडा यांची सांगड जुळली की काम सोपं होतं. धातुविज्ञानाच्या धड्याला फाउंड्रीतला माणूस, विद्युतधारेच्या धड्याला महावितरणमधला किंवा पॅनल बनवणारा, कार्बनी संयुगांना तुर्भे-रबाळ्याच्या रासायनिक कारखान्यातली केमिस्ट. त्यांच्या रोजच्या कामातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या दहा ओळींना जिवंत करते. मुलींच्या वर्गात स्त्री इंजिनिअर आली की दुसऱ्या भेटीला प्रश्न विचारणारे हात वाढतात. त्यामुळे यादीत बायका किती आहेत हे मुद्दाम पाहा. मुलं त्यांना ‘ताई’ म्हणतात, वयस्कर शास्त्रज्ञांना ‘सर’, कॉलेजच्या पोरांना ‘दादा’. म्हणू द्या.

एका वर्गाला दोन माणसं द्या. एक बोलेल, दुसरा बाकांमधून फिरेल. आणि तीच दोन माणसं वर्षभर त्याच वर्गाला. दर महिन्याला नवा चेहरा म्हणजे दर महिन्याला पहिला दिवस.

ज्ञानाची शेखी मिरवणारा एखादा येतोच. त्याला वर्गात न पाठवता साहित्याचं काम द्या. कित्येकदा असा माणूस उपकरण अप्रतिम बनवतो.

रंगीत तालीम

जाण्याआधी दोन-तीन दिवस घरी किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये संपूर्ण प्रयोग करून पाहा. जे सामान शाळेत न्यायचं तेच घेऊन. विद्युतचुंबकाचं उदाहरण घ्या. खिळा, तांब्याची तार, १.५ व्होल्टचा सेल, टाचण्या. अगदी सोपं. पण बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या तारेवर एनॅमलचा थर असतो. टोकं पॉलिशपेपरनं घासली नाहीत तर एकही टाचणी उचलली जाणार नाही, आणि वीस वर्षं मोटर डिझाइन केलेला माणूस साठ मुलांसमोर घामाघूम होईल. तार सेलला सतत जोडून ठेवली तर गरम होते, सेल भराभर उतरतो. म्हणजे प्रत्येक गटाला दोन सेल लागणार. हे तालमीतच कळतं.

सामान लॅमिंग्टन रोडवरून आणायची गरज क्वचित पडते. जांभळी नाका किंवा कुठलंही स्टेशनरी-हार्डवेअरचं दुकान बहुतेक पुरतं, आणि ते बरंही आहे : बाईंना पुढच्या वर्षी तेच सामान शाळेजवळ मिळायला हवं. अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळणी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत पाहायला मिळतात. होमी भाभा केंद्राच्या विज्ञान प्रतिभा उपक्रमातले आठवी ते दहावीचे पाठही तसेच. चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात मराठी विज्ञान परिषद आहे, १९६६ पासूनची. तिथे एक चक्कर मारा, बोलायला माणसं मिळतात.

सुरक्षेचं थोडक्यात : घरातला २३० व्होल्टचा पुरवठा वर्गात उघडायचा नाही, सेल आणि बॅटरीवरच काम. आम्ल विरलच, आणि तेही पाहुण्याच्या नाही तर बाईंच्या ताब्यात. बटन सेल लहान मुलांच्या हाती देऊ नका, गिळले जातात. सूर्याकडे भिंगातून किंवा दुर्बिणीतून बघू द्यायचं नाही, हे भिंगं वाटण्याआधी सांगायचं, नंतर नाही.

तासाचा दिवस

शाळेची तासिका साधारण ३५ मिनिटांची. बाईंना जोडतासिका मागा. शाळेत पोचल्यावर आधी मुख्याध्यापकांना भेटा, हजेरीवहीत सही करा. प्रोजेक्टर असेल तर त्याकडे बघूही नका.

भिंगांचाच तास घेऊ. साठ मुलं, पाचाचा एक गट, बारा गट, बारा बहिर्वक्र भिंगं आणि तीन जास्तीची. प्रत्येक गटाला पांढरा कार्ड पेपर आणि मोजपट्टी. ट्यूबलाइट बंद करा. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ, जिथे अंधारं असतं तिथे, कागद धरायचा आणि भिंग पुढे-मागे सरकवायचं. सूचना एवढीच : ‘खिडकी कागदावर आणा.’

पहिली दोन मिनिटं काही होत नाही. मग एखाद्या कोपऱ्यातून ‘ए, आली, आली!’ असा ओरडा येतो. कागदावर खिडकीचे गज, बाहेरचं झाड, आकाश, सगळं रंगीत आणि उलटं. पाठोपाठ बारा गटांत गलका. या गलक्याला बाई घाबरतात, शेजारच्या वर्गातून कोणी डोकावतं. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवलं असेल तर बरं. आता एका मुलाला खिडकीत उभं करून हात हलवायला सांगा. कागदावर तो डोक्यावर उभा राहून भलत्याच बाजूचा हात हलवतो.

मग प्रश्न टाका : ‘अर्धं भिंग बोटांनी झाकलं तर काय दिसेल?’ लगेच करू देऊ नका. आधी प्रत्येक गटानं वहीत लिहायचं. जवळपास सगळे ‘अर्धी खिडकी’ लिहितात, पाहुणे इंजिनिअरसुद्धा मनात तेच म्हणत असतात. मग झाकून पाहा. खिडकी पूर्णच दिसते, फक्त फिकी. खिडकीच्या प्रत्येक बिंदूतून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागांतून जातो, त्यामुळे अर्ध्या भिंगानंही संपूर्ण प्रतिमा तयार होते, प्रकाश तेवढा निम्मा येतो. हे पाहुण्यानं सांगायचं नाही. वर्गात एखादी पोर ते आपल्या शब्दांत मांडतेच, जरा थांबावं लागतं. इंजिनिअरला ते थांबणं फार जड जातं, म्हणून तालमीत हा मुद्दा दोनदा बजावा.

शेवटची दहा मिनिटं बाईंची. मोजपट्टीनं भिंग ते कागद अंतर घ्यायचं. नाभीय अंतर १० सेंमी असलेल्या भिंगानं ३ मीटरवरच्या खिडकीची प्रतिमा साधारण १०.३ सेंमीवर येते. भिंग खिडकीपासून ५० सेंमीवर धरलंत तर १२.५ सेंमीवर. हे आकडे बाईंनी फळ्यावर सूत्रात घालायचे, चिन्हसंकेतासकट. दहावीला हेच येणार असतं. पाहुणे तेव्हा मागच्या बाकावर बसलेले असावेत.

फोटोचा मोह प्रत्येकाला होतो. पालकांची लेखी संमती नसेल तर मुलांचे चेहरे टाकू नका. हातांचे, उपकरणांचे फोटो काढा. सीएसआरच्या अहवालाला तेही चालतात, फक्त ते कोणीतरी साहेबांना समजावून सांगावं लागतं. आणि शाळेच्या गेटवर बॅनर लावण्याचा आग्रह धरणाऱ्या कंपनीचे पैसे नाकारायला मधल्या माणसानं शिकावं.

तासानंतर

जाताना वर्गात एक पेटी ठेवा, प्रश्नांची. होशंगाबादमध्ये मुलं ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्रं लिहीत आणि त्यांना उत्तरं येत. आपल्या पेटीतही चिठ्ठ्या पडतात, आणि त्यातले प्रश्न आपल्या भूगोलातले असतात. फ्लेमिंगो गुलाबी का? खाडीचं पाणी सकाळी कमी आणि दुपारी जास्त का? मोरबे धरणाचं पाणी आमच्या नळाला येईपर्यंत त्यात काय काय घालतात? प्रत्येक प्रश्नामागे पुढच्या भेटीचा विषय दडलेला आहे. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान, मिळाला, ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळ्यातली एक सहल तिथेच काढता येते, बस भाड्यानं न घेता. एखादं उत्तर येत नसेल तर ‘शोधून सांगतो’ लिहा आणि पुढच्या वेळी खरंच सांगा.

त्याच संध्याकाळी बाईंना फोन. अभिप्रायाचा फॉर्म पाठवू नका, त्यांना रोज पुरेसे फॉर्म भरावे लागतात. ‘मॅडम, पुन्हा घेतला तर काय बदलाल?’ एवढं विचारा. दोन-तीन शाळा झाल्या की दोन महिन्यांतून एकदा सगळ्या शिक्षकांना शनिवारी दुपारी एकत्र बसवा. इंजिनिअर त्या बैठकीत सामान लावण्यापुरते. एका शाळेतल्या बाई दुसऱ्या शाळेतल्या सरांना प्रयोग करून दाखवतात, तिथे तुमच्या उपक्रमाला खरा जोर येतो.

पैसे

पहिल्या वर्षाला मोठा निधी लागत नाही. भिंगं, सेल, तारा, रिक्षाभाडं. ते गटातच जमतं. कंपनीकडे जायचं ते दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षाच्या कामाच्या नोंदी वहीत असताना. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. मागताना टॅबलेट आणि स्मार्टबोर्ड मागू नका. प्रयोगशाळेतलं बंद कपाट दुरुस्त करून भरणं आणि बाईंच्या नावे वर्षाला थोडी फुटकळ रक्कम, एवढं मागा. तुटलेली परीक्षानळी बदलायला तीन सह्या लागत असतील तर बाई काचसामान बाहेर काढणारच नाहीत.

मे महिन्याच्या आत

महापालिका आणि जिल्हा परिषदेत शिक्षकांच्या बदल्या होतात. त्यामुळे एप्रिलमध्येच सामानाची यादी दोन प्रतींत करा, एक मुख्याध्यापकांकडे, एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. प्रत्येक प्रयोगाचं एक पान लिहून ठेवा : काय लागतं, कुठे मिळतं, कुठे फसतं. बदली होणाऱ्या बाईंना विचारा की त्या नव्या शाळेत हे चालवणार का. चालवणार असतील तर बारा भिंगांचा दुसरा संच त्यांच्यासोबत द्या. आणि जुन्या शाळेत जूनमध्ये नव्यानं येणाऱ्या शिक्षकांचा नंबर पहिल्याच आठवड्यात मिळवा, घटक चाचणीचं वेळापत्रक लागायच्या आधी.